भीती उशिरा आली आणि लांडग्याचा कुत्रा झाला

लांडग्याचं पिल्लू माणसाळवायचं असेल तर ते फार लवकर हातात यावं लागतं, डोळे उघडायच्याही आधी. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी लांडग्याची पिल्लं वाढवली, तेव्हा ती जन्मल्यावर चार ते सहा दिवसांतच आईपासून घेतली होती. पुढे कित्येक आठवडे प्रत्येक पिल्लाबरोबर एक माणूस दिवसरात्र राहिला. बाटलीने दूध पाजणं, अंगाशी घेऊन झोपणं, सगळं त्यानेच केलं. हेच पिल्लू तीन आठवडे उलटल्यावर हाती आलं तर माणूस दिसताच कोपऱ्यात दबून बसतं आणि ती धास्ती सहसा कायमची राहते. कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढा खटाटोप लागत नाही. माणसाशी पहिली गाठ सातव्या आठवड्यात पडली, तरी ते काही दिवसांत पायात घोटाळायला लागतं.

कुत्रा आणि लांडगा यांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक कोणता, असं विचारलं तर मी आधी हा सांगेन. कान, शेपूट, रंग हे सगळं नंतरचं.

अमेरिकन अभ्यासक कॅथरीन लॉर्ड यांनी २०१३ मध्ये या फरकाचं नेमकं कारण मांडलं. वास, आवाज आणि नजर या तिन्ही गोष्टी दोन्ही पिल्लांत जवळपास एकाच वयात जाग्या होतात: वास साधारण दोन आठवड्यांना, कान चार आठवड्यांना, नजर सहा आठवड्यांना. पण लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की लगेच धडपडत हिंडायला लागतं. तेव्हा त्याला नीट ऐकू येत नसतं आणि नीट दिसतही नसतं. ते जगाशी ओळख करून घेतं ती फक्त नाकाने. पुढे आवाज ऐकू यायला लागतात, आकृत्या दिसायला लागतात, तेव्हा प्रत्येक नवी गोष्ट धसका देते. कुत्र्याचं पिल्लू हिंडायला लागतं चौथ्या आठवड्याच्या सुमारास. तोवर नाक आणि कान चालू झालेले असतात आणि नजरही हळूहळू तयार होत असते. माणूस त्याला वासाने, आवाजाने आणि रूपाने एकदमच कळतो, तोही मनात भीती बसायच्या आधी. थोडक्यात, दोन आठवड्यांच्या उशिराने हा फरक पडतो.

भीतीची ही वेळ निवडीने पुढे ढकलता येते, हे कोल्ह्यांच्या प्रयोगात दिसलं. दिमित्री बेल्यायेव आणि ल्युदमिला त्रुत या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्क इथे रुपेरी कोल्ह्यांची पैदास सुरू केली. निवडीचा निकष एकच होता: माणसाने पिंजऱ्यात हात घातला की कोल्हा काय करतो. जे कमी घाबरतात, कमी चावतात, तेच पुढच्या पिढीचे आईबाप. चौथ्या पिढीत माणसाला बघून शेपूट हलवणारी पिल्लं दिसू लागली. साध्या कोल्ह्याच्या पिल्लात नव्याची भीती सुमारे ४५ दिवसांना जागी होते. निवडलेल्या वाणात ती साठ दिवसांच्याही पुढे गेली, म्हणजे ओळखीपाळखीला निदान दोन आठवडे जास्त मिळाले.

या प्रयोगाबद्दल लिहिताना बरेच जण पडके कान, वळलेली शेपूट आणि अंगावरचे पांढरे ठिपके यांवर भर देतात. मला तो भाग कच्चा वाटतो. ते कोल्हे जंगलातून पकडून आणलेले नव्हते. त्यांचं मूळ कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फर-पैदाशीत होतं आणि तिथे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या होत्या. यातली काही लक्षणं प्रयोगाआधीपासूनच त्या कोल्ह्यांत होती, असं २०१९ मध्ये दाखवण्यात आलं. वागण्यातला बदल मात्र खरा आहे.

लांडग्यांच्या बाबतीत ही निवड कुणी केली? पहिली गोष्ट, आजच्या करड्या लांडग्यांपैकी कुठलाही गट कुत्र्याचा थेट पूर्वज नाही. हिमयुगातला जो गट पूर्वज होता, तो आता उरलेला नाही. जनुकांवरून वाटा फुटण्याचा काळ साधारण २०,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीचा धरतात. २०२२ मध्ये ७२ प्राचीन लांडग्यांचे जनुकसंच तपासले गेले, तेव्हा कुत्रे युरेशियाच्या पूर्वेकडच्या प्राचीन लांडग्यांना जास्त जवळचे निघाले. शिवाय पश्चिमेकडच्या कुत्र्यांत वेगळ्या लांडग्यांचीही भर पडलेली दिसली. ११,००० वर्षांपूर्वीपर्यंत कुत्र्यांच्या निदान पाच वेगळ्या शाखा झाल्या होत्या. शेती तेव्हा जगात कुठे कुठे नुकती सुरू होत होती. म्हणजे गुरं, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या या सगळ्यांच्या आधी कुत्रा माणसाजवळ आला.

म्हणूनच 'गावाच्या उकिरड्यावर आलेले लांडगे हळूहळू कुत्रे झाले' ही लोकप्रिय कथा जशीच्या तशी टिकत नाही, कारण तेव्हा गावंच नव्हती. शिकाऱ्यांचे तळ मात्र होते, आणि तळाभोवती हाडं, आतडी, कातड्याचे तुकडे पडत. हिवाळ्यात शिकारीच्या अंगावर चरबी कमी असते आणि नुसत्या चरबीविरहित मांसावर माणूस फार दिवस तग धरू शकत नाही. यकृताला ते झेपत नाही. लांडग्याला झेपतं. तेव्हा उरलेलं मांस त्याच्या वाट्याला जात असावं, असा एक पटणारा तर्क आहे. दुसरा पक्ष म्हणतो की माणसांनी बिळातून पिल्लं उचलून आणली आणि वाढवली. पण दहा दिवसांचं पिल्लू जगवायला दूध लागतं आणि दुभती जनावरं त्या काळात नव्हती. एखाद्या बाईनेच अंगावर पाजलं असेल तर गोष्ट वेगळी. माझा कल पहिल्या बाजूला आहे. जे लांडगे माणसाला बघून थोडे उशिरा पळाले त्यांना थोडं जास्त खायला मिळालं, त्यांची पिल्लं जास्त जगली आणि भीतीची वेळ पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत गेली. उचलून आणलेल्या पिल्लांचा भाग त्यात नंतर आला असेल.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये खाणीत एक दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक तरुण बाई आणि एक कुत्रा होता. हा कुत्रा जेमतेम सात महिन्यांचा होता. त्याच्या दातांवरच्या आवरणात आडव्या खाचा आहेत. डिस्टेंपर हा विषाणूमुळे होणारा आजार होऊन गेलेल्या पिल्लाच्या दातांवर अशाच खाचा पडतात. २०१८ मध्ये झालेल्या तपासणीनुसार आजार सुरू झाला तेव्हा ते १९ आठवड्यांच्या आसपास होतं आणि त्यानंतरही सुमारे दोन महिने जगलं. डिस्टेंपरमध्ये पिल्लू खात नाही, पीत नाही. उलट्या, जुलाब आणि ताप यांनी गळून जातं. कुणीतरी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय आणि अंग पुसल्याशिवाय ते इतके दिवस काढणं अवघड आहे. शिकारीला किंवा राखणीला त्या अवस्थेत त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरीही त्याची शुश्रूषा झाली. कुत्र्याच्या इतिहासातला हा पुरावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे शरीर बदलत गेलं. पिष्ट पचवायला लागणाऱ्या एका विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात. बहुतेक कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळतात. शेतकरी समाजांबरोबर राहिलेल्या कुत्र्यांत त्या जास्त आहेत, ध्रुवीय प्रदेशातल्या कुत्र्यांत आणि डिंगो या ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यांत कमी. त्यामुळे 'कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला फक्त कच्चं मांस द्या' हा सल्ला जीवशास्त्राला धरून नाही. लांडगी वर्षातून एकदाच माजावर येते, कुत्री साधारण दोनदा. लांडग्याचा नर पिल्लांसाठी पोटातलं अन्न ओकून आणतो. कुत्र्याचा नर सहसा पिल्लांकडे फिरकत नाही. आईबाप आणि दोन-तीन वेतांची पिल्लं मिळून केलेलं लांडग्यांसारखं कुटुंब मोकाट कुत्र्यांत दिसत नाही. त्यांचे गट सैल असतात, कोणी येतं, कोणी जातं.

तरीसुद्धा मालकाने कुत्र्यापुढे 'कळपाचा म्होरक्या' व्हायला हवं, हे खूळ कुत्रा पाळणाऱ्यांच्या डोक्यातून जात नाही. त्याचा उगम १९४७ सालचा. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात, एकाच आवारात कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून वर्चस्वाची उतरंड मांडली. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये लांडग्यांवर लिहिलेल्या पुस्तकातून ती सर्वदूर पोचली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे एक कुटुंब असतं. 'म्होरके' म्हणजे त्या पिल्लांचे आईबाप. ते मारामारी करून त्या जागी आलेले नसतात.

म्हणजे पिल्लाला उताणं पाडून दाबून धरणं, मानगूट पकडून हलवणं, आधी आपण जेवून मग त्याला घालणं या सगळ्याच्या मुळाशी कोंडलेल्या लांडग्यांचं चुकीचं वाचन आहे. त्यातलं जेवणाचं प्रकरण निरुपद्रवी आहे. उताणं पाडणं धोक्याचं आहे. घाबरलेल्या कुत्र्याला जमिनीला दाबलं की त्याच्यापुढे पळायची वाट उरत नाही आणि तोंडासमोर असतो माणसाचा चेहरा. असे चावे थेट तोंडावर बसतात.

जातींबद्दलही गैरसमज बरेच आहेत. शिकारीच्या वर्तनाची एक साखळी असते: टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. जाती घडवताना माणसाने या साखळीतले तुकडे वाढवले किंवा दाबले. मेंढ्या वळणारी बॉर्डर कॉली टक लावते, दबकते, पाठलाग करते आणि तिथे थांबते. शिकार उचलून आणणारा रिट्रीव्हर पकडतो, पण दात रुतवत नाही. मेंढ्यांची राखण करणाऱ्या कुत्र्यांत ही साखळी जवळपास झोपलेली असते. याचा उपयोग खेळ निवडताना होतो. पाठलागाची ओढ असलेल्या कुत्र्याला सायकलीमागे धावू नको म्हणून ओरडत बसण्यापेक्षा दोरीला बांधलेलं फडकं दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पळवू द्या, आणि शेवटी ते त्याला पकडू द्या. लेझरचा ठिपका मात्र नको. तो कधीच पकडता येत नाही, म्हणून पाठलाग पुरा होत नाही, आणि काही कुत्रे मग दिवसभर भिंतीवरच्या सावल्यांमागे लागतात. पण जात सांगितली की स्वभाव कळला, असंही नाही. १८,००० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीने समजावता आले. आज ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत, मुख्यतः दिसण्यावरून पक्क्या केलेल्या आहेत.

आता भीतीच्या त्या वेळापत्रकाकडे. कुत्र्याचं पिल्लू सर्वांत जास्त ओळखी करून घेतं ते तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत काही पिल्लं उंच कुंपणाच्या आत, माणसाचं दर्शनही न होऊ देता वाढवली होती. हे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. पाचव्या किंवा सातव्या आठवड्यात बाहेर काढून आठवडाभर माणसांत ठेवलेली पिल्लं माणसाळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं जंगली जनावरासारखीच राहिली. घाबरट किंवा अंगावर येणाऱ्या मोठ्या कुत्र्याची हकीकत खोदत गेलं की पुष्कळदा याच आठवड्यांतली पोकळी सापडते. 'आधीच्या मालकाने मारलं असणार' हा अंदाज लोक पटकन बांधतात. पण त्या वयात काहीच घडलेलं नसणं, एवढंही पुरतं.

तेव्हा कुत्री व्यायल्यापासूनच कामाला लागावं. पहिले दोन आठवडे पिल्लांना ऊब आणि दूध हवं असतं. रोज वजन करण्यापुरतं हातात घेतलं तरी चालतं. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पिल्लू दिवसातून दोन-तीनदा, दोन-दोन मिनिटं, वेगवेगळ्या माणसांच्या हातात जावं. पंजे, कान, हिरड्या यांना हलकेच हात लावावा. फरशी, माती, गवत, पत्रा असं निरनिराळं पायाखाली यावं. भांड्यांचा आवाज, दाराची घंटा, गाड्या हेही कानावर पडावं, पण आधी हळू. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आई आणि भावंडांपासून तोडू नये. जोरात चावलं की भावंडं किंचाळतात आणि खेळ थांबवतात. दात किती रुतवायचे हे पिल्लू तिथेच शिकतं.

आठव्या आठवड्यानंतर अडचण येते ती लसीकरणाची. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर देतात. पण सोळाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू घरात कोंडलं तर ओळखींची मुदत संपून जाते. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेचा सल्ला आहे की पहिली लस आणि जंतांचं औषध होऊन सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला निरोगी पिल्लांत मिसळू द्यावं. रस्ता दाखवायचा तो कडेवर घेऊन. अनोळखी कुत्रे हगतात-मुततात अशा जागी जमिनीवर ठेवू नका, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. छत्रीवाला, काठीवाला, दाढीवाला, टोपीवाला, पळणारी लहान मुलं, चाकाची खुर्ची हे सगळं पिल्लाने सुरक्षित अंतरावरून पाहावं. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान बरीच पिल्लं अचानक बिचकतात. त्या दिवसांत जबरदस्ती अजिबात नको.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली अंतराची. 'सवय होईल' म्हणून पिल्लाला गर्दीत नेऊन उभं करतात. ते निपचित बसतं आणि मालकाला वाटतं शांत झालं. खरं तर ते भीतीने गोठलेलं असतं. अंतर बरोबर आहे का, हे खाऊवरून कळतं. वाटाण्याएवढा तुकडा पिल्लाने हळुवार घेतला तर ठीक. ओरबाडून घेतला किंवा तोंडच फिरवलं तर तुम्ही फार जवळ आहात; दहा-वीस पावलं मागे या. दुसरी चूक क्रमाची. आधी छत्री दिसली पाहिजे, मग एक-दोन सेकंदांत खाऊ आला पाहिजे. उलट केलंत, म्हणजे आधी खाऊ दाखवून मग छत्री उघडलीत, तर खाऊ ही संकटाची पूर्वसूचना होते. मग पिल्लू खाऊ बघूनच मागे सरायला लागतं.

कुत्रा चावण्याआधी पुष्कळ काही सांगत असतो. नाकावरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, अंग चोरणं, शेपूट पायात घालणं, मग एकदम ताठ होऊन थांबणं, गुरगुरणं, हवेत चावणं आणि शेवटी चावा. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, हा अर्थ नेहमी लागू पडत नाही. शेपटीबरोबर कंबरही हलत असेल तर कुत्रा खूश असतो. ताठ उंच धरलेल्या शेपटीचं नुसतं टोक थरथरत असेल तर हात लावू नका. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही मारू नये, ओरडूही नये. मार खाल्ला की तो गुरगुरणं सोडून देतो. भीती तेवढीच राहते. पुढच्या वेळी मधल्या पायऱ्या गाळून तो थेट चावतो आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला.

मुदत हुकलेला मोठा कुत्रा घरी आला असेल तर अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. ओळखीची पाच-सात माणसं त्याला पुरतात. प्रत्येक पाहुण्याच्या अंगाखांद्यावर तो खेळेल, असा हट्ट धरू नये. त्याला अशी एक जागा द्या जिथे गेल्यावर कुणीही त्याला बोलावत नाही, हात लावत नाही. सुरुवातीचे काही आठवडे फिरायला नेताना छातीपट्टा आणि गळपट्टा या दोन्हींना वेगवेगळी दोरी बांधा. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि गळपट्टा कानांवरून सुटतो. जवळ जाताना समोरून जाऊ नका, वरून वाकू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. अंग तिरकं करून खाली बसा.

आणि हातावर खाऊ ठेवून त्याला जवळ ओढू नका. भुकेपोटी तो पुढे येतो, तुकडा गिळतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की माणूस वीतभर अंतरावर आहे. बरेच चावे या क्षणी होतात. तुकडा त्याच्या मागच्या बाजूला, पाच-सहा फुटांवर टाका. तो मागे वळून खायला जाईल, तुमच्यापासून लांब गेल्यामुळे त्याला मोकळं वाटेल, आणि खाऊन झाल्यावर तो पुन्हा तुमच्याकडे तोंड करेल. मग पुढचा तुकडा, परत त्याच्या मागेच. एका वेळी दहा-बारा तुकडे झाले की उठून निघून जा. काही दिवसांनी, तुकडा खाऊन वळल्यावर तो आधीपेक्षा एक पाऊल पुढे येऊन थांबतो. त्या दिवशीही हात पुढे करू नका. तुकडा मागेच टाका.